हे 'वीर' नेमकं कुठल्या भाषेतलं?

कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. पुढे कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि मग वीर. महाडला जायचं असेल तर इथे उतरायचं आणि उरलेलं अंतर रस्त्याने कापायचं, कारण खुद्द महाड शहरात रेल्वे नाही. रोहा ते वीर हा साधारण ४७ किलोमीटरचा तुकडा १९९३ साली सुरू झाला. पूर्ण कोकण रेल्वे १९९८ ची. त्यामुळे मधला काही काळ मुंबईकडून येणाऱ्यांसाठी रूळ वीरलाच संपायचे. तर एवढं महत्त्व एकेकाळी असलेलं हे छोटं स्टेशन.

आता स्टेशनच्या पाटीचा आपल्याकडचा नियम बघा. आधी राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. चिपळूणला या नियमाचा अर्थ लागतो, कारण ळ दिसला की हिंदी त्याचा ल करते. पोलादपूरला रेल्वे नाही, पण असती तर तिथेही लागला असता : मराठीत पू दीर्घ, हिंदीत पु ऱ्हस्व. पण वीरचं काय करायचं? मराठीत वीर, हिंदीतही वीर. काना-मात्रा-वेलांटीचा फरक नाही. नियम अक्षरशः पाळायचा तर तीच दोन अक्षरं एकाखाली एक दोनदा रंगवायची. यावर सरकारी कारभार म्हणून हसता येईल, पण मला स्वतःला हा प्रश्न फार गोड वाटतो. दोन्हींतलं मराठी वीर कुठलं? वरचं. का? कारण ते वर आहे. अक्षरं काहीच सांगत नाहीत, जागा सांगते.

संगणकाला असलं वर-खाली कळत नाही. त्याच्या दृष्टीने वीर म्हणजे तीन आकडे. एक व चा, एक दीर्घ वेलांटीचा, एक र चा. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ घरांचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे, आणि तो लिपीच्या नावाने आहे. मराठीचा व, हिंदीचा व, नेपाळीचा, संस्कृतचा, कोंकणीचा, सगळ्यांचं घर एकच. हे बरोबरच झालं म्हणा, नाहीतर प्रत्येक भाषेचा व वेगळा करून शोधाशोधीचा बट्ट्याबोळ झाला असता. ही मांडणी मुळात आपल्याच इस्की या भारतीय प्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली. इस्कीची गंमत अशी की त्यात भारतीय लिप्यांना मिळून एकच तक्ता होता, आणि मजकुराच्या मध्ये एक खास खूण टाकून 'इथून पुढे बंगाली', 'इथून पुढे तमिळ' असं सांगता यायचं. पण तेही लिपीपुरतंच. देवनागरीतलं हे मराठी आहे की हिंदी, हा प्रश्न तिथेही कोणी विचारला नव्हता.

मग मजकूर वाचून भाषा ओळखता येणार नाही का? येते की. कॅव्हनार आणि ट्रेंकल या दोघांनी १९९४ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. मजकुराचे दोन-तीन-चार अक्षरी तुकडे पाडायचे, कुठले तुकडे किती वेळा येतात ते मोजायचं, आणि ही यादी प्रत्येक भाषेच्या ठरलेल्या यादीशी ताडून बघायची. 'आहे', 'च्या', 'ळ' हे भरभरून आले की मराठी. 'है' आणि 'में' आले की हिंदी. परिच्छेदभर मजकूर असेल तर हे झकास चालतं. पण बटणावर, मेनूत, शीर्षकात एक-दोनच शब्द असतात. 'सूचना', 'संपर्क', 'शोध', 'मुख्य'. हे कुठल्या भाषेतले? आणि 'शिक्षा' हा शब्द एकटाच लिहिला असेल तर? हिंदी शाळेत तो फाटकावर लावतात, मराठी शाळेत तो वर्गाबाहेर उभं करून देतात :) अशा ठिकाणी अंदाज चालत नाही. ज्याने लिहिलं त्यानेच सांगायला हवं.

वेबवर हे सांगायची सोय बऱ्यापैकी उशिरा आली. भाषांना दोन-दोन अक्षरांचे कोड द्यायचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ ६३९, हे १९८८ चं. त्यात मराठीला एमआर, हिंदीला एचआय, संस्कृतला एसए (कोड लिहितात इंग्रजी अक्षरांत, इथे उच्चार देतो आहे). इंटरनेटवर भाषेचं लेबल कसं लावायचं याचा पहिला मसुदा मार्च १९९५ चा, हाराल्ड आल्व्हेस्ट्रँड यांचा. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या एचटीएमएल २.० मध्ये भाषा सांगायला जागाच नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएलच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा दस्तऐवज आला, त्यात 'लँग' नावाचा गुणधर्म मिळाला, आणि डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये तो रीतसर आत शिरला. वापरायला इतका सोपा की सांगायलाही लाज वाटावी. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये 'लँग बरोबर एमआर' लिहायचं. मध्ये संस्कृत श्लोक आला तर फक्त तेवढ्या भागाला 'लँग बरोबर एसए'. श्लोक संपला, टॅग बंद केला, की परत मराठी.

याला एक पोटकथा आहे. काही लोकांना वाटलं की साध्या मजकुरात, म्हणजे जिथे टॅग वगैरे काही नसतात तिथेही, भाषा सांगता यायला हवी. म्हणून युनिकोडमध्येच डोळ्यांना न दिसणारी अक्षरं घातली. ती एकापुढे एक लिहायची आणि अदृश्य अक्षरांत एमआर उमटवायचं! याचा मसुदा १९९९ चा, युनिकोडमध्ये ती आली २००१ साली. कोणी फारशी वापरली नाहीत, आणि युनिकोडनेच काही वर्षांत 'कृपया वापरू नका' असा शेरा मारला. पण युनिकोडमध्ये एकदा दिलेलं घर परत घेता येत नाही. तीच अदृश्य अक्षरं २०१७ साली इमोजीमध्ये स्कॉटलंड आणि वेल्सचे झेंडे दाखवायच्या कामाला लावली. भाषेसाठी बांधलेल्या घरात शेवटी झेंडे राहायला आले. असो.

आता कोणीही विचारेल की एवढा खटाटोप कशाला? मला वाचता येतंय, मराठी आहे हे दिसतंय, बास की. तर हे 'दिसतंय' म्हणणाऱ्यांनी क्षणभर डोळे मिटावेत. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधारे. एनव्हीडीए हा त्यातला फुकट मिळणारा, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला. हे प्रोग्रॅम आवाज निवडताना पानाने सांगितलेली भाषा बघतात. पानाने एचआय सांगितलं तर हिंदी आवाज. ईएन सांगितलं तर इंग्रजी आवाज, आणि त्याला देवनागरी येत नसेल तर तो अडखळतो, भलतंच काही बोलतो किंवा गप्प बसतो.

समजा महाडच्या चवदार तळ्यावरचं एक पान आहे. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह, बाबासाहेब, सगळं नीट लिहिलेलं. ते हिंदी आवाजाने वाचलं तर काय होईल? पहिल्याच शब्दात घात. मराठीत च चे उच्चार दोन. 'चहाची चव' म्हणून बघा, चहाचा च वेगळा आणि चवीचा वेगळा. लिहिताना आपण फरक करत नाही, मराठी माणसाला तो ठाऊकच असतो. हिंदीला फक्त चहाचा च माहीत. त्यामुळे चवदार मधली चवच जाते. पुढे 'तळं'. इथला शेवटचा अनुस्वार म्हणजे अ जरासा लांबवायचा, पण हिंदीच्या नियमाने तो नाकातला व्यंजन होतो आणि झालं, केलं, गेलं, असं, सगळ्यांच्या शेवटी एक म् किंवा ङ् लटकायला लागतो. ज्ञ चा द्न्य ऐवजी ग्य. कृष्णा नदी क्रिष्णा. एखादं वाक्य असं ऐकलं तर गंमत वाटेल, पण कोणाला रोज तासन् तास परीक्षेचा अभ्यास असा ऐकावा लागत असेल तर? आणि या सगळ्यावर इलाज काय, तर पानाच्या डोक्यावर दोन अक्षरं. मराठीचा आवाज चांगला की वाईट हा पुढचा मुद्दा, पण तो निवडला तर जायला हवा ना!

डोळस माणसांसाठीही फरक पडतो. पोलादपूरचा ल आणि शिवथरघळीचा श घ्या. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाच्या ल ला उभा दांडा. श चंही तसंच, मराठी श ला देठ असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी प्रमाण म्हणून सांगितले. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल चं घर एकच! मग चित्र कुठलं काढायचं हे फॉन्टने ठरवायचं, आणि फॉन्टला ते ठरवायला भाषा कळायला हवी. ओपनटाइप फॉन्टमध्ये अशी सोय असते, एकाच अक्षराची मराठीसाठी वेगळी आकृती आत ठेवता येते. रेड हॅटच्या 'लोहित'मध्ये आधी लोहित मराठी, लोहित हिंदी, लोहित नेपाळी अशा वेगळ्या फायली होत्या, नंतर त्या एका लोहित देवनागरीत आल्या आणि भाषेप्रमाणे आकृती बदलायचं काम फॉन्टच्या पोटात गेलं. ब्राउजर लँग बघतो, फॉन्टला सांगतो, फॉन्ट पाकळीचा ल काढतो. लँग नसेल तर फॉन्टचं जे नेहमीचं वळण असेल ते, आणि ते बहुतेकदा हिंदीचं. 'मराठी अक्षरं हिंदीसारखी का दिसतात' अशी तक्रार करणाऱ्यांनी फॉन्टला दोष द्यायच्या आधी पानाचा सोर्स उघडून बघावा.

हा सगळा घोळ लिपी वाटून घेतल्याचा आहे, आणि आपण ती वाटून घेतली तीही फार जुनी गोष्ट नव्हे. शिवकाळात आणि पेशवाईत रोजचा मराठी पत्रव्यवहार चालायचा मोडीत. बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, ही पोथ्यांची, संस्कृतची, संतवाङ्मयाची. त्यामुळे कागद हातात घेतला आणि मोडी दिसली की तो मराठी असणार हे न वाचताच बरंचसं ठरायचं. लिपी हेच लेबल होतं. मग छपाई आली, बाळबोधाचे खिळे पडले, मोडी मागे पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर व्यवहारातूनही गेली. छापायला बाळबोध सोपी, वाचायला स्वच्छ, हे खरंच. पण त्या सौद्यात मराठीने अंगावरची ओळखीची खूण देऊन टाकली, आणि पुढे संगणकावर हिंदीच्या शेजारी त्याच कपड्यांत उभी राहिली. (मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्वतंत्र पट्टा मिळाला. भाषेच्या लेबलात लिपीही सांगायची सोय २००६ पासून आहे, त्यामुळे मोडीतल्या मराठीसाठी 'एमआर-मोडी' हे अगदी वैध लेबल आहे. नुसतं एमआर लिहिलं तर लिपी देवनागरी असं गृहीत धरतात.)

बाळबोधातही दोन भाषा शेजारी-शेजारी आल्या की काय व्हायचं, याचं उत्तम उदाहरण वीरहून फार लांब नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या दरवाज्याजवळ भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. गडावरचं बांधकाम करणाऱ्या हिरोजीचा. वाडे, मनोरे, विहिरी, बागा वगैरे काय काय उभं केलं ते त्यात श्लोकात सांगितलं आहे. त्याच देवळाच्या पायरीवर त्याच हिरोजीची एक छोटी ओळ कोरलेली आहे, ती मराठीत : सेवेला तत्पर असलेला हिरोजी, एवढाच आशय. एकच माणूस, एकच देऊळ, एकच लिपी. देवापुढे आणि जगापुढे मांडायचा तपशील संस्कृतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत अशा जागी आपलं नाव मराठीत. इथेही जागाच भाषा सांगते आहे. संस्कृत लेखात त्याचं नाव 'हीराजिना' असं येतं, म्हणजे अस्सल मराठी नावाला संस्कृतची तृतीया. भाषा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला हा एकच शब्द खायला घातला तर त्याची काय त्रेधा उडेल! याच लेखात शक १५९६, म्हणजे इ.स. १६७४, हे साल शब्दांत लिहिलं आहे. सहा, नऊ, बाण म्हणजे पाच, भूमी म्हणजे एक, आणि वाचायचं उलटीकडून. आमच्या धंद्यात याला लिट्ल एंडियन म्हणतात, आणि ते आम्ही शोधलं असं आम्हाला वाटतं.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ आक्षीला जावं लागेल. तिथला शिलालेख शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे शक ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. या वाचनावर मतभेद आहेत, पण ते मान्य केलं तर सालासकट मिळालेला हा मराठीतला सर्वात जुना लेख ठरतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट भावते. लेख सुरू होतो संस्कृत वळणाच्या मंगलवचनाने आणि राजाच्या बिरुदांनी, आणि पुढे जाता जाता मराठी होतो. आजच्या भाषेत सांगायचं तर एसए चा टॅग उघडलाय आणि तो बंद नेमका कुठे करायचा ते समजत नाही. जुन्या मराठीला आज वेगळा कोड आहे, ओएमआर. तो त्या दगडावर कुठल्या अक्षरापासून लावायचा यावर दोन अभ्यासक नक्की भांडतील. आणि दान मोडणाऱ्याला शाप द्यायचा असेल तर त्या काळचे लोक भाषेच्या भानगडीतच पडायचे नाहीत, दगडावर सरळ गाढवाचं अर्वाच्य चित्र कोरायचे. गधेगाळ म्हणतात त्याला. कुठल्याही भाषेच्या माणसाला कळणार. लेबलाची गरज नाही :)

परत वेबकडे येऊ. सोय १९९७ पासून आहे, फुकट आहे, मग लोकांनी ती वापरली का? सुरुवातीची आठ-दहा वर्षं मराठी पानांना खरं बोलायची सोयच नव्हती. आठवतात का ते फॉन्ट? शिवाजी, किरण, सुरेख. पानावर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा असायचा आणि त्यावर फॉन्ट पांघरला की मराठी दिसायची. फॉन्ट नसला की नुसता कचरा. अशा पानाला एमआर म्हणा किंवा ईएन म्हणा, दोन्ही खोटंच. डोळ्यांसाठी मराठी, यंत्रासाठी काहीच नाही. युनिकोड रुळल्यावर हे संपलं, पण तोवर दुसरी सवय लागली होती : टेम्प्लेट उचलायचं. आणि टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीत आधीपासूनच ईएन लिहिलेलं असतं. कोण बघतंय? वेबसाइट बनवणाऱ्यांच्या एका टीममध्ये मी हा मुद्दा काढला होता तेव्हा उत्तर मिळालं, "पण क्लायंटला दिसतंय ना नीट?" दिसत होतं. मुद्दाच संपला.

परिणाम असा झाला की आता गूगल शोध भाषा ठरवताना या लेबलाकडे बघतच नाही. त्यांच्या स्वतःच्या मार्गदर्शनात तसं लिहिलेलं आहे, ते मजकूर वाचून आपलं आपण ठरवतात. खोटी साक्ष इतक्यांनी दिली की न्यायाधीशाने साक्षीदार बोलवणंच बंद केलं. पण मघाचा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फॉन्ट, शब्दांची शुद्धता तपासणारं यंत्र, हे सगळे बिचारे अजूनही त्या साक्षीवर विश्वास ठेवतात. म्हणून 'गूगल बघत नाही, मग सोडा' हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे जागतिक निकष २००८ च्या डिसेंबरात आले, त्यांत हे दोन पायऱ्यांत सांगितलंय. पानाची भाषा सांगणं ही अगदी तळाची, सक्तीची पायरी. मध्ये आलेल्या दुसऱ्या भाषेच्या तुकड्याची भाषा सांगणं ही पुढची. आणि या दुसऱ्या पायरीला सवलती आहेत : विशेषनामं, तांत्रिक शब्द, ज्यांची भाषा ठरवताच येत नाही असे शब्द, आणि जे शब्द आता आजूबाजूच्या भाषेचेच झाले आहेत ते. म्हणजे 'वीर' हे गावाचं नाव असल्यामुळे त्याला लेबल लागत नाही! आणि स्टेशन, टॅग, फॉन्ट यांनाही नाही.

यातली शेवटची सवलत वाचली की मला परत रायगडच आठवतो. 'भाषेचाच झालेला शब्द' म्हणजे कुठला, हे कोण ठरवणार? १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला शिवाजी महाराजांच्या दरबारात नेमका हाच प्रश्न होता. कारभाराची मराठी फारसी शब्दांनी भरलेली. मग पदांची नावं बदलली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. आणि रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला राज्यव्यवहारकोश तयार झाला, ज्यात कारभारातल्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. माझ्या दृष्टीने हे शब्दागणिक लावलेलं लेबलच आहे, हा फारसी, याच्या जागी हा घ्या. अमात्य-सचिव टिकले. पण कागद, जमीन, तारीख, शहर हे सगळे शब्द साडेतीनशे वर्षांनीही आपल्या तोंडात आहेत, आणि आज कोणीही 'कागद'ला फारसीचा टॅग लावणार नाही, निकषही तसा आग्रह धरणार नाहीत. लावावा असं म्हणणाऱ्याला मी निदान एक पान तसं टाइप करून दाखव म्हणेन.

पण एक प्रश्न मात्र विनोदावारी नेता येत नाही. लेबल लावायचं तर यादीत नाव असायला हवं. यादी कोणाची? २००७ साली आयएसओ ६३९-३ आलं, तीन अक्षरी कोडांचं, जगातल्या हजारो भाषांसाठी. ते सांभाळते एसआयएल ही संस्था, आणि तिच्याच एथ्नोलॉग या सूचीवर ते मुख्यतः बेतलेलं. त्यात कोंकणीचा केओके हा कोड म्हणजे एक मोठी पिशवी आहे, आत दोन कोड : गोव्याच्या कोंकणीसाठी जीओएम आणि दुसरा केएनएन. गंमत इथे सुरू होते. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणातल्या बोलींची एक मोठी रांग आहे, आगरी, कुणबी, संगमेश्वरी, बाणकोटी वगैरे, आणि ती मराठीच्या खाली लावलेली आहे. एथ्नोलॉगने यातल्या बऱ्याच बोली केएनएनच्या खात्यात टाकल्या. म्हणजे महाडवरून वाहणारी सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या नावाची बोली एका यादीत मराठी आणि दुसऱ्या यादीत कोंकणी. बोलणाऱ्याला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

उलट याच डोंगरात राहणाऱ्या कातकऱ्यांच्या भाषेला स्वतःचा कोड आहे, केएफयू. उद्या कोणी कातकरी गोष्टी देवनागरीत टाइप करून वेबवर ठेवल्या तर त्यांना हक्काचं लेबल मिळेल. आवाज नसेल, फॉन्टमध्ये खास आकृती नसतील, शुद्धलेखन तपासणारं काही नसेल, पण हे मराठीही नाही आणि हिंदीही नाही एवढं तरी यंत्राला कळेल. मला हे फार मोठं वाटतं. आज आवाज नाही म्हणून लेबल लावायचं टाळलं, तर उद्या आवाज बनवायला बसणाऱ्याला मजकूर सापडणार कसा? मराठीचंही तेच झालं. ज्यांनी कोणी न कंटाळता एमआर लिहून ठेवलं त्यांची पानं यंत्राला न विचारता मराठी म्हणून मिळाली, बाकीची अंदाजाने चाळावी लागली.

बाणकोटीला असा कोड नाही. पण लेबलांच्या नियमात (सध्याचा मसुदा २००९ चा) एक पळवाट ठेवली आहे. मूळ भाषेचा कोड, मग एक्स हे अक्षर, आणि त्यापुढे आपलं खाजगी नाव. 'एमआर-एक्स-बाणकोटी' हे लेबल कोणाची परवानगी न घेता आजपासून लावता येतं. जगाला त्याचा अर्थ कळणार नाही, पण ज्याला शोधायचं आहे त्याला सापडेल, आणि बाकीचे प्रोग्रॅम त्याला मुकाट्याने मराठी समजतील. अट एकच, एका तुकड्यात इंग्रजी आठ अक्षरांपेक्षा जास्त चालत नाहीत. बाणकोटी सात अक्षरांत बसते. संगमेश्वरीची होतात तेरा, तिला संगम-ईश्वरी असं तोडून लिहावं लागेल.